काटणारा जोडा

नाना घरी आले की जिन्यातच कळायचं. एक पाऊल पडायचं आणि दुसरं ठेवलं जायचं. आधी धप् आणि मग हलकेच घासल्याचा आवाज. नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता, शेजारची दोन बोटंही नव्हती. झाशीत खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. तो आवाज आला की आई शेगडीवर तवा ठेवायची आणि मी पाट मांडायचे. घरी कुणी नवा पाहुणा आला तर तो आधी आवाजाकडे कान द्यायचा, मग हळूच पायाकडे पाहायचा, आणि मग आई सांगायला बसायची. "बुटानं कापली हो. कारखान्यातले ते बूट असतात ना, त्यांच्या पुढच्या बाजूला आत लोखंडाची वाटी असते. वरून वजन पडलं की ती वाटी खाली बसते आणि बोटं..." एवढं म्हणून ती हातातला अडकित्ता मिटायची. कट्. सुपारीची दोन शकलं तबकात पडायची आणि पाहुण्याचा चहा तसाच राहायचा.

मी ते कट् ऐकत वाढले. गोष्ट संपत आली की माझ्या पायांची बोटं आपोआप आत वळायची, आणि गोष्ट तर महिन्याकाठी एकदा तरी व्हायचीच. नाना त्या वेळी काही बोलत नसत. खिडकीपाशी बसून पानाचा देठ खुडत राहायचे. मला वाटायचं, त्यांना ते आठवून त्रास होतो. शाळेत काळे बूट घालायचा नियम आला तेव्हा मी आधी बोटानं आत चाचपून पाहिलं होतं की कुठे वाटी तर नाही. वर्गातल्या मुली हसल्या. हसोत बापड्या. त्यांच्या घरी अडकित्ता होता, पण त्याची गोष्ट नव्हती.

आमच्या घरातल्या मराठीबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नानांचे कुणी पूर्वज पूजाअर्चेसाठी म्हणून दक्षिणेतून झाशीत आले आणि इथलेच झाले. इतक्या पिढ्यांत मराठीची पार खिचडी झाली होती. आमच्याकडे भाजी ‘बनायची’, कपडे ‘सुकायला डालायचे’, आणि नवी चप्पल ‘काटायची’. आई सांगलीकडची. तिला हे ऐकवत नसे. मी पाय धरून "आई, चप्पल काटते गं" म्हणून रडत आले की फोडाला खोबरेल लावायच्या आधी ती भाषा दुरुस्त करायची. "चावते म्हण. चप्पल चावते. काटायला ती काय विळी आहे?"

नानांच्या घराण्यात या काटण्यावर एक उपाय होता. नवं पायताण घालण्याआधी आपणच त्याला हलकेच दात लावायचे. आधी आपण चावलं की मग ते आपल्याला चावत नाही, असा हिशेब. नानांच्या बहिणी सासरी जातानासुद्धा आपापल्या चपलांना चावून गेल्या म्हणे. आईला मात्र या रीतीची किळस होती. ती सोवळ्याओवळ्याची; चामड्याला हात लागला तरी मोरीत जाऊन हात धुणारी. "शी! कातड्याला तोंड? ज्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं त्या तोंडानं?" म्हणून आम्ही मुलं हा कार्यक्रम जिन्यात उरकायचो आणि चूळ भरून वर यायचो.

इंटर झाल्यावर मी आयटीआयला फिटरचं शिक्षण घ्यायला गेले. हात चांगला होता. घरातली कुलपं, शिवणाचं यंत्र, स्टोव्हचा पंप हे सगळं मीच खोलायचे. झाशीत मराठी मुलगी काही वेगळं करायला निघाली की लोकांना एकच बाई आठवते. गल्लीतल्या प्रत्येकानं तिचं नाव घेऊन मला आशीर्वाद दिला, जणू मी कानस घेऊन किल्ल्यावरूनच उडी मारणार होते. आई घुश्शात होती, पण तिथे फक्त कानस आणि लोखंड पकडायचा शेगडा, बूट कुठे नाही, म्हणून तिनं चालवून घेतलं. मग नोकरी लागली. तिथेही बूट नसतात असं सांगून मी आईला पटवलं. कानपूरच्या रस्त्यावर, शेतीच्या ट्रॉल्या आणि पाण्याच्या टाक्या बनवणारा एक खासगी कारखाना होता. मोठ गावच्या बसनं जायचं आणि वाटेत उतरायचं. पहिल्याच सकाळी फाटकावरच्या दरवानानं माझ्या चपलांकडे बोट दाखवलं. "बिना सेप्टी जूते के अंदर नहीं, बिटिया. लुगाई हो चाहे आदमी."

स्टोअरमधून एक जोडा काढून दिला. त्यांच्याकडचा सगळ्यात लहान, तरी मला दोन नंबर मोठा. बायकांच्या मापाचा असला जोडा असतो हे तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी हात घालून पाहिलं. बोटांच्या वर, कातड्याच्या आत, ती होती. गार, गोल, गुळगुळीत वाटी. तिची मागची कड मला बोटाला लागली आणि मी हात झटकन बाहेर काढला. ही आईच्या गोष्टीतली वाटी होती. पुढे चिंध्या कोंबून मी तो जोडा घातला आणि आत गेले, आणि खरं सांगते, अडकित्त्यात पाय घालून चालावं तशी चालले. वर लोखंडाचे पत्रे साखळीच्या कप्पीवरून सरकत होते. प्रत्येक खणखणाटाला मी बोटं आत ओढून घ्यायचे, इतकी की दुपारपर्यंत पिंढऱ्यांत गोळे यायचे. शेजारच्या बाकावरच्या माणसाला धीर करून विचारलं, हा जोडा खरंच वाचवतो का? तो बीडी कानावर खोचत म्हणाला, "थोड़े-बहुत से बचाता है. ज़्यादा वज़न आ गया, तो सीधा काट देता है." म्हणजे आईचं खरंच होतं. आता तर कारखान्याचीच साक्ष मिळाली.

घरी मी काही सांगितलं नाही. कळलं असतं तर आईनं दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर मला धरून ठेवलं असतं. नानांचं त्या वेळी कापडाच्या दुकानात थान, म्हणजे तागे, मोजण्याचं काम होतं. बोटं गेल्यापासून लोखंडाचं काम सुटलं ते सुटलंच. माझ्या नोकरीचं त्यांना किती अप्रूप होतं! रोज संध्याकाळी माझ्या हातांचा वास घेऊन म्हणायचे, "आज ड्रिल चालवलंस. तेलाचा वास येतोय." तेव्हा नोकरी सोडायची नव्हती आणि बोटंही घालवायची नव्हती. मी मधला रस्ता काढला. फाटकावर दरवानाकडे ठेवलेला जोडा घालून आत जायचं, आणि बाकापाशी गेलं की तो काढून शेजारी ठेवायचा. कापडी बूट पिशवीत असायचे, ते घालायचे. मुकादम तिवारीजी फिरत आले की सलवारीची मोहरी खाली ओढायची. कापडी बुटांत पाय गेला की काय मोकळं वाटायचं! इतक्या भीतीतही मला वाटायचं, आता मी सुरक्षित.

तो शनिवार होता. जेवणाची सुट्टी संपून भोंगा वाजला होता. माझ्यामागे दोघे जण लोखंडी अँगलचा भारा कप्पीनं उचलत होते. मी वाकून काही तरी घासत होते, काय ते आठवत नाही. साखळी किंचाळल्यासारखी वाजली आणि कुणीतरी ओरडलं, "हट!" मी हटले नाही. भीतीनं माणूस पळतो म्हणतात, मी जागच्या जागी थिजले. एक अँगल भाऱ्यातून निसटला आणि टोकावर खाली आला. त्याचा आवाज माझ्या दातांत शिरला. डोळे उघडले तेव्हा तो अँगल माझ्या उजव्या पायाला लागून आडवा पडला होता, इतका जवळ की कापडी बुटाच्या कडेला गंज लागला होता. तो पडला होता माझ्या त्या काढून ठेवलेल्या, रिकाम्या जोड्यावर.

तिवारीजी धावत आले. त्यांनी जोड्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पैर कहाँ था? पैर कहाँ था तुम्हारा?"  मी खाली बसले, जोडा उचलला. टोकावरचं कातडं फाटून आतलं लोखंड चमकत होतं आणि त्यावर खोल चरा गेला होता. मला बघायचंच होतं. मी हात आत घातला. वाटी बसली नव्हती. जरा चेमटली होती, पण आत जागा होती. माझ्या हाताची चारी बोटं आत जात होती आणि हलत होती. मी ती पुन्हा पुन्हा हलवून पाहिली, तेव्हा मला रडू फुटलं. तिवारीजी आवाज चढवून म्हणाले, "सोमवार को अपने नाप का जूता पहन के आना. वरना गेट से ही घर." आणि वळताना हळूच पुटपुटले, "बच गई मोड़ी." पोरगी वाचली.

तो जोडा पिशवीत घालून मी घरी आणला. का आणला, सांगता येत नाही. एकटीनं ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं एवढं खरं. आई शेगडीवर महेरी ढवळत होती. ताकात शिजणाऱ्या ज्वारीचा तो आंबूस वास मला आजही आला की तीच संध्याकाळ समोर येते. नाना खिडकीपाशी होते. मी उंबऱ्यावर जोडा ठेवला. आईची नजर गेली आणि हातातली पळी पडली. "हा? हा बूट तू घालतेस? तुझ्या बापाचं काय झालं माहीत असून?" मग तिला तो चरा दिसला. ती धावत येऊन माझ्यापुढे बसली आणि दोन्ही हातांनी माझे पाय चाचपू लागली, एकेक बोट मोजत, लहान बाळाची मोजतात तशी.

"आहेत गं, सगळी आहेत," मी म्हटलं.

नाना उठले. धप्, मग तो घासल्याचा आवाज. उंबऱ्याशी बसून त्यांनी जोडा मांडीवर घेतला, चऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हात आत घातला. बराच वेळ तो हात आतच होता.

"वाटी बसली नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मालू, पाय कुठे होता तुझा?"

"बाहेर."

"का?"

"भीती वाटते म्हणून. ती वाटी कापते म्हणून काढून ठेवला होता."

नानांनी हात जोड्यातून काढला. आईचे हात अजून माझ्या पायांवर होते. शेवटी ते म्हणाले, "माझाही बाहेरच होता."

आईला कळलं नाही. मलाही नाही.

"जोडा बाकाखाली होता," नाना म्हणाले. "नवा होता, कडक होता. काटत होता म्हणून काढून ठेवला. चपलेवर उभा होतो. पत्रा आला, पाय तसाच उघडा."

"पण तुम्हीच तर म्हणालात," आई म्हणाली, "दवाखान्यात. शुद्धीवर आल्या आल्या. जोड्यानं काटलं म्हणून."

"जोडा काटत होता, असं म्हणालो मी. जोडा काटत होता, जोडा काटत होता, हेच बडबडत होतो."

"काटत होता म्हणजे..." आई थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. "म्हणजे चावत होता?"

नानांनी मान डोलावली. ती लग्न होऊन नुकती झाशीत आली होती तेव्हा. मी पोटात होते. रक्तानं भिजलेल्या पट्ट्या, अनोळखी शहर, गुंगीत बडबडणारा नवरा, आणि त्याच्या तोंडी तो एक शब्द. तिनं त्याचा आपल्या शुद्ध मराठीत अर्थ लावला: कापलं. आणि तोच माझ्या हाती दिला. ज्या शब्दासाठी तिनं आम्हाला उभा जन्म टोकलं, तो शब्द तिला सगळ्यात आधी तिथे, त्या खाटेपाशी भेटला होता, आणि तिनं तो ओळखला नव्हता.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" ती ओरडली. "मी आल्यागेल्याला सांगत सुटले! त्या मेल्या बुटाला मी शिव्याशाप दिले!"

"तू सांगत होतीस ते ऐकलं आणि बरं वाटलं मला," नाना म्हणाले. "बदनामी जोड्याची होत होती. माझी नाही. जोडा काही बोलणार नव्हता." मग माझ्याकडे पाहिलं. "पोरीच्या मनात ते इतकं जाऊन बसेल, असं वाटलं नव्हतं गं."

महेरी तळाला लागली होती. त्या दिवशी आम्ही करपलेली महेरी गूळ घालून खाल्ली. कुणी तक्रार केली नाही. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर भीती जाईल. कसची जाते! तिनं फक्त कूस बदलली. आतापर्यंत मी त्या जोड्याला भीत होते, आता जोड्याशिवायच्या पायाला भिऊ लागले. त्या कापडी बुटांत मी किती दिवस ऐटीत उभी होते हे आठवलं की हात गार पडायचे. हे लिहिताना माझे म्हातारे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडलेले आहेत, दहाच्या दहा बोटं डोळ्यांसमोर आहेत, तरी आत्ताही हात तसेच गार पडलेत.

शनिवारी लोखंड घ्यायचं नाही आणि कातडंही घ्यायचं नाही, या जोड्यात तर दोन्ही. म्हणून रविवारी संध्याकाळी नाना मला घेऊन बड्या बाजारात गेले. पायाला अपघात झाल्यापासून ते बुटांच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. चपला गल्लीतच सांधून घ्यायचे. संध्याकाळच का, तर दिवसभर उभं राहून पाय सुजतो, आणि तोच पाय कामावर असतो. दुकानदार दाढीवाले म्हातारे चाचा होते. "बेटी के लिए? ये चीज़ ज़नाना में बनती ही नहीं, बाबूजी." तरी त्यांनी आतून मर्दानी जोड्यांतले लहान लहान काढले, धूळ झटकली आणि मांडले. लोक दुकानाबाहेर थांबून बघायला लागले. मुलगी कारखान्याचे बूट घेतेय, फुकटचा तमाशा.

नानांनी आपल्या खिशातून जाड मोजे काढले, त्यांचेच जुने. ते घालून मग जोडा. पहिला छान दिसत होता, मी हो म्हणणार तोच ते म्हणाले, "उकिडवी बस." बसले तर वाटीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतली. "हा नाही. फिटर अर्धा दिवस उकिडवा असतो." दुसऱ्यात टाच उचलत होती. तिसरा घालून त्यांनी मला दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावल्या. उतरताना बोटं पुढे जाऊन लोखंडाला टेकली. "हा पण नाही." प्रत्येक वेळी मी पाय आत घालताना श्वास धरत होते आणि ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, जोड्याकडे नाही. "खरं सांग. भिडेखातर हो म्हणू नकोस. काटतो?"

चाचा कंटाळले. "बाबूजी, नया है. दो-चार दिन में अपने-आप खुल जाएगा."

"खुलने से पहले ही तो आदमी उतार देता है," नाना म्हणाले. ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण चाचांची नजर त्यांच्या चपलेतल्या उजव्या पायावर गेली. ते गप्प झाले, शिडी लावून वर चढले आणि माळ्यावरून एक जुना खोका काढला. आतला जोडा मातकट रंगाचा, दिसायला बेढब, पण पुढे रुंद होता. मी उकिडवी बसले, उठले, पायऱ्या उतरले. आत बोटं पसरता येत होती. वाटी होती, आणि ती कुठेही लागत नव्हती. मला विश्वास बसेना. मी पुन्हा बसले, पुन्हा उठले. नानांनी वाकून अंगठ्यानं पुढची टोपी दाबून पाहिली, ती जराही हलली नाही. ते तसेच वाकलेले राहिले. मग चाचांना म्हणाले, "बाँध दीजिए."

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघाले. नवा जोडा जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. चहा तसाच ठेवून आले होते. मी खाली बसून नाडी सैल करत होते तेवढ्यात आई आली. तिची आंघोळ झाली होती, देवपूजा झाली होती, अंगावर सोवळ्याचं धुवट पातळ होतं. मला वाटलं, आता ही मला अडवणार. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली, उजवा जोडा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, आणि त्याच्या टोकाला दात लावले. आत लोखंड, टक् असा आवाज झाला. मग तिनं डावा घेतला. पुन्हा टक्.

मी बघतच राहिले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता नाही काटायचा," ती म्हणाली. चावायचा नाही, काटायचा म्हणाली. "आणि काटलाच, तर काढून ठेवू नकोस. घरी येऊन सांग."

मी नाडी बांधली आणि जिना उतरले. खाली पोचले तेव्हा वरून पाण्याचा आवाज येत होता. आई पुन्हा आंघोळ करत होती.